जुन्या हेदवाडीतली नववी फेरी

पवना धरणाच्या काठावर जे बंगले आहेत, त्यांतल्या एकवीस घरांना शालन घारे दूध घालते. पहाटे साडेचारला ती वरच्या हेदवाडीतून निघते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोठी किटली, हातात छोटी किटली आणि माप. डांबरी रस्त्याने गेलं तर हे बंगले एकमेकांपासून लांब आहेत. टेकडीच्या कडेकडेने, करवंदीच्या जाळ्यांमधून गेलं तर जवळ. शालन जाळ्यांमधून जाते. साडी काट्यांत अडकते म्हणून तिने पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली, तेव्हा वाडीत चार दिवस कुजबुज झाली आणि पाचव्या दिवशी थांबली. पायात निळे कॅनव्हासचे बूट. रोजचं चालणं बारा-तेरा किलोमीटर, असं गेली सोळा वर्षं.

एवढ्या वर्षांत तिचा आवाज फारसा कुणी ऐकला नाही. कडी वाजवायची, भांडं पुढे आलं की दूध ओतायचं, निघायचं. एका बंगल्यात उतरलेल्या पाहुणीने तर मालकांना विचारलं होतं, "तुमची दूधवाली मुकी आहे का हो?" शालन मुकी नव्हती. बोलण्यासारखं काय आहे, असं तिला वाटायचं, एवढंच. घरी नवरा कोंडाजी दोघांच्या वाटणीचं बोलायचा. म्हशींशी, रेडिओशी, लोणावळ्याला हॉटेलात कामाला असलेल्या मुलाशी फोनवर, आणि कुणीच नसलं तर विळ्याशी.

शालनची आई सरुबाईही बोलकी होती. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती हेदवाडीत आली, तेव्हा वाडी खाली नदीच्या काठाला होती. पुढे धरण झालं, पाणी चढलं, माणसं वर सरकली. शालनचा जन्म वरचाच. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या हेदवाडीची जोती उघडी पडतात. भिंती नाहीत, दारं नाहीत, नुसते दगडांचे चौकोन आणि भेगाळलेला गाळ. मे महिन्यात सरुबाई खाली उतरून आपल्या जोत्यावर जाऊन बसायची. ऊन चढलं की शालन वरूनच हाक मारायची, "आये, चल आता!" ती स्वतः कधी त्या जोत्यांपर्यंत गेली नाही. लहानपणी आई त्या घराबद्दल काहीबाही सांगायची, ते शालनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. चार वर्षांपूर्वी सरुबाई वारली.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी प्रज्ञेशने इथे रात्रीची शर्यत भरवली. प्रज्ञेश तळेगावचा; आठवडाभर कारखान्यात नोकरी आणि सुट्टी आली की डोंगर. शर्यत संध्याकाळी सहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपायची होती. पाच किलोमीटरची एकच वाट, गोल फिरून परत जागेवर येणारी. बारा तासांत ज्याच्या जितक्या फेऱ्या होतील तितक्या त्याच्या. धावा, चाला, मध्ये बसा, डुलकी काढा, कुणी विचारत नाही. मात्र सहाचा भोंगा वाजेल तेव्हा जी फेरी अर्धी राहील ती धरायची नाही. तंबूंच्या मैदानातून बैलगाडीच्या वाटेने चढ, मग ऐन-हिरड्याचं रान, मग खिंड, खिंडीतून खाली धरणाच्या उघड्या पडलेल्या तळावर, पाण्याच्या कडेकडेने बरंच अंतर, आणि पुन्हा वर मैदानात. वाट शोधत हिंडताना प्रज्ञेशला शालन भेटली होती आणि तळावर उतरायची सोपी वाट तिनेच त्याला, तोंडातून अक्षर न काढता, पुढे चालून दाखवली होती. म्हणून त्याने तिला विचारलं, खिंड उतरून तळ सुरू होतो तिथे पाण्याचं टेबल सांभाळाल का? रात्री दहापर्यंत, असं म्हणून ती बसली. पुढे पहाटे रतीब होता.

मी मैदानातल्या टेबलावर फेऱ्या लिहायला होतो. त्यामुळे पुढचं काही मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं त्या दोघींनी नंतर वेगवेगळं सांगितलं. दोघींचं सांगणं जुळतं.

दुसरी म्हणजे अनघा गायकवाड. लोणावळ्याची. वडील केरबा रेल्वेत होते. ती एकतीस वर्षांची, तळेगावला बँकेत आहे. अकराव्या वर्षी डोळ्यांच्या आजारात तिची दृष्टी गेली. सहा वर्षांपासून ती धावते. तिच्याबरोबर तिची मैत्रीण कोमल धावायची; दोघींच्या मध्ये हातभर सुती दोरी, एक टोक हिच्या मुठीत, एक तिच्या. दहा फेऱ्या करायच्याच, असं अनघा मला सुरू होण्याआधी सांगून गेली होती. "माझ्या नावापुढे दहा घरं आखून ठेवा," म्हणाली. पहिल्या दोन फेऱ्या दोघींनी झकास केल्या. पावणेआठला दुसरी संपली तेव्हा दोघी हसत होत्या.

तिसऱ्या फेरीत खिंड उतरताना कोमलचा पाय मुरगळला. पाण्याच्या टेबलापर्यंत ती कशीबशी आली आणि खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. शालनने बादलीतलं गार पाणी ओतलं, फडकं बांधलं. निरोप गेला तसा प्रज्ञेश धावत आला.

"कोमल थांबणार, म्हणजे तुलाही थांबावं लागेल," तो अनघाला म्हणाला. "सोबत नसताना मी तुला सोडू शकत नाही."

"सोबत मिळाली तर?"

"आता कुठून आणू? सगळे आपापल्या फेऱ्यांत आहेत."

मग अनघाने, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात विचारलं, "इथली वाट कुणाला पाठ आहे?"

आणि शालन म्हणाली, "मला हाय."

का म्हणाली, ते तिला अजून सांगता येत नाही.

प्रज्ञेश तिच्या बुटांकडे बघत राहिला. कोमलने मात्र दोरीचं टोक लगेच तिच्या हातात दिलं. "ओढायचं नाही, ढकलायचं नाही," ती म्हणाली. "फक्त सांगायचं. आणि पाय पडायच्या आधी सांगायचं, पडल्यावर नाही. टेबल मी सांभाळते, बसूनच तर द्यायचंय पाणी."

निघाल्या. शालनने जन्मात कधी धावण्यासाठी धाव घेतली नव्हती, पण डोक्यावर किटली घेऊन झपाझप चालणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने धावणं जड गेलं नाही. जड गेलं ते बोलणं.

"दगड," ती म्हणायची. थोड्या वेळाने, "उतार." मग, "डावीकडं या."

तिसरी फेरी अशीच संपली. चौथीच्या चढावर अनघा म्हणाली, "मावशी, एवढंच आहे का इथे?"

"मावशी नगं. त्रेचाळीस वय हाय माजं."

"बरं, शालनताई. दगड, उतार, दगड. दुसरं काहीच नाही?"

"अजून काय पायजे?"

"बाकीचे लोक धावताना काहीतरी बघत असतील ना? मी रात्रभर नुसते दगडच मोजू?"

शालनने मान वर केली. या वाटेने ती हजारदा गेली असेल, पण किटलीखाली मान ताठ, नजर पावलापुढे. वर काय आहे हे बघायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

"चांद हाय," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुंग किल्ल्याच्या डोक्यावर. अर्धाच हाय." तिला वाटलं, हे पुरं पडलं नाही. "तुंग काळाकुट्ट दिसतोय. पानी पांढरं. पल्याड तंबू हायेत, त्यांचे दिवे पान्यात लांब लांब पडल्यात. हालत्यात."

"वारा आहे?"

"हितं न्हाई. तितं आसंल."

अनघा हसली. आणि तिथून शालनचं तोंड सुटलं. एकदम नाही, आधी एखादं वाक्य, मग दोन. करवंदीला अजून फळं आहेत, काळी. एक माणूस पुढे बसलाय, बूट काढून तळव्यांशी बोलतोय. वाटेत बेडूक आहे, थांब जरा, गेला. पाचवी आणि सहावी फेरी मी टेबलावर लिहिली तेव्हा दोघींचा आवाज दिसण्याआधी ऐकू यायचा, आणि त्यात शालनचाच जास्त असायचा. मला खरं वाटेना. दहा कधीच वाजून गेले होते, ते तिच्या ध्यानात नव्हतं.

मध्यरात्रीनंतर चंद्र मावळला. सातव्या फेरीत त्या रानात शिरल्या आणि शालन मध्येच थांबली. दोरी ताणली गेली.

"काय झालं?" अनघाने विचारलं.

"काजवं."

हेदवाडीच्या माणसाला काजव्यांचं अप्रूप नाही. पावसाच्या आधीचे पंधरा दिवस ते असतातच, आणि त्या वेळी माणसं झोपलेली असतात. पण त्या रात्री हिरड्याच्या एका मोठ्या झाडावर ते इतके बसले होते की झाडाचा आकार त्यांनीच केला होता. खोड, फांद्या, अगदी शेंड्यापर्यंत. सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. शालनने कपाळावरची बॅटरी बंद केली.

"सांगा ना," अनघा म्हणाली. तिच्या आवाजात घाई होती. "मी एकदाच बघितलेत. नऊ वर्षांची असताना, बाबांच्या खांद्यावर बसून. हिरवट असतात ना?"

"हिरवं, पिवळं, मधलंच कायतरी. आता पेटलं. समदं झाड पेटलं." थोडं थांबून, "इझलं." मग, "पेटलं."

"म्हणत राहा. पळू आपण."

आणि त्या अंधारातच पळायला लागल्या. शालन म्हणत होती, पेटलं, इझलं, पेटलं, इझलं, आणि दोघींची पावलं त्या शब्दांवर पडायला लागली. झाडामागून झाड तसंच होतं, एकाने सुरू केलं की पलीकडचं त्याला मिळायचं. पायाखाली पाचोळा चुरचुरत होता. दुरून कुठून तरी रातवा पक्षी एकसारखा टकटक करत होता. शालन म्हणते, त्या वेळी तिला पाय असल्याचं कळत नव्हतं. आपण पळत नसून रानच मागे मागे सरकतंय, असं वाटत होतं. मागून येणारा एक पुण्याचा गडी त्यांना ओलांडून जायच्या ऐवजी आपली बॅटरी विझवून त्यांच्या मागोमाग, त्याच तालावर, खिंडीपर्यंत आला. त्याने मला ते नंतर सांगितलं. त्याला तो कोणता तरी मंत्र वाटला होता.

आठवी फेरी संपली तेव्हा तीनला पाच कमी होते. माझ्या टेबलाशी चहा घेताना शालनला रतीब आठवला. तिने माझा फोन मागितला आणि कोंडाजीला उठवलं.

"अवं, आज रतीब तुमी घाला."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं, इतक्या मोठ्याने आलं. "मी? मला घरं कुटं म्हाईत हायेत? आन तू हायेस कुटं?"

"पळतीया. घरं सांगते, ध्यानात ठिवा. पयलं हिरवं फाटक. कुत्रं हाय, लय भुकतं, पर चावत न्हाई. तितं दोन लिटर. त्याच्या मागनं उंबराखालनं वाट हाय, ती धरा. दुसऱ्या घरची म्हातारी जागीच आसती, कडी वाजवू नका, नुसतं खाकरा..."

अशी तिने एकवीस घरं सांगितली. कुठलं दार चिकटतं, कुठे पायरी मोडली आहे, कुणाच्या अंगणात सोनचाफा आहे आणि तो वास आला की उजवीकडे वळायचं. सगळं सांगायला सात-आठ मिनिटं लागली. कोंडाजी मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "तुला एवडं बोलता येतं व्हय?" तिने फोन मला परत दिला आणि दोरी उचलली.

नववी फेरी.

रानातले काजवे आता विरळ झाले होते. पूर्वेकडे अजून काहीच नव्हतं. ही वेळ शालनच्या रोजच्या सगळ्यात गाढ झोपेची. उठायच्या आधीचा तास. खिंड उतरेपर्यंत तिला नीट आठवतं. पाण्याच्या टेबलाशी कोमल बादलीत पाय सोडून खुर्चीतच झोपली होती, तेही आठवतं. तिथून निशाणीच्या काठ्या उजवीकडे, पाण्याच्या कडेने जातात. शालन डावीकडे वळली. डोळे उघडे होते, पाय चालत होते, तोंड बोलत होतं. पण ती झोपली होती.

अनघाला काही कळलं नाही. उलट तिला वाटलं, शालनचा आवाज मऊ झालाय, आणि आता ती फार छान सांगतेय.

"हळू. हितनं बोळ हाय," शालन सांगत होती. "दोन्हीकडं घरं. दिवं लागल्यात समद्यांचे. वाईच वाक, दार ठेंगणं हाय."

अनघा वाकली.

"हा उंबरा. उजवा पाय टाक."

अनघाने पाय उचलून टाकला, आणि बुटाखाली खरोखर दगड आला, सपाट, घासलेला.

"तितं नगं बसू, आत्ताच सारवलंय, वलं हाय. हिकडं ये. डाव्या अंगाला जातं हाय. चूल पेटलीया."

"कुणी आहे घरात?" अनघाने हळूच विचारलं. पहाटे साडेतीन-चारला धावणाऱ्यांना पाहून इथल्या कुणी घर उघडलं असेल, चहा ठेवला असेल, असं तिच्या मनात आलं.

"आई हाय की. दळतीया."

"तुमची आई?"

"व्हय. पंधरा वर्सांची हाय. नवीकोरी हिरवी चोळी घातलीया. बघती हिकडं."

अनघा थबकली. "शालनताई, पंधरा वर्षांची आई?"

त्या प्रश्नाने शालन जागी झाली. समोर बॅटरीचा गोल उजेड होता आणि उजेडात दगडांचा एक चौकोन. आजूबाजूला भेगाळलेला गाळ. एक टिटवी ओरडत उठली आणि पाण्यावर गेली. काठ्यांवरच्या चमकत्या पट्ट्या पार मागे, उजव्या हाताला, बारीक दिसत होत्या. आणि वीस पावलांवर जुन्या वाडीची विहीर होती, अर्धी गाळाने बुजलेली, अर्धी उघडी. शालनला ती विहीर वरून बघून माहीत होती. तिने दोरी एकदम मागे खेचून धरली, तो हिसका अनघाच्या मुठीला बसला.

"काय झालं? नीट सांगा."

"हितं कोणी न्हाई," शालन म्हणाली. "घर बी न्हाई. मी झोपलेते."

"झोपला होतात?"

"व्हय."

"चालताना? माझी दोरी हातात घेऊन?"

"व्हय. वाट सोडली मी. म्होरं हीर हाय, उघडी."

अनघाने दोरी सोडून दिली. कोमलबरोबर सहा वर्षांत तिने कधी दोरी सोडली नव्हती. ती पाऊलभर मागे सरकली आणि मग कुठे सरकायचं हे माहीत नसल्यामुळे तिथेच उभी राहिली. खूप रागावली होती. तिनेच मला सांगितलं, की त्या वेळी तिला शालनच्या तोंडात मारावीशी वाटली. शालनने काही सबब सांगितली नाही. ती त्या दगडांवर खाली बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आईच्या जोत्यावर बसलोय.

मग अनघा खाली वाकली, हाताने चाचपत दगडाच्या काठावर बसली. दगड रात्रीही कोमट होता. दिवसभराचं ऊन अजून त्यात होतं. तिने तळवा फिरवला.

"हे सगळं तुम्ही झोपेत रचलंत?"

"म्हाईत न्हाई. आई सांगायची ल्हानपनी. मी ध्यान दिलं नव्हतं." शालन थांबली. "चोळीचं तर तिनं सांगितलंय का न्हाई, ते बी आठवत न्हाई."

"जातं कुठे म्हणालात?"

"डाव्या अंगाला."

अनघा डावीकडे सरकली. दोन हातांवर तिच्या बोटांना दगडात कोरलेली एक उथळ गोल खळगी लागली. ती जात्याची जागा होती, की उखळाची, की पाण्याने पन्नास वर्षांत केलेला खळगा, हे आजही कुणी सांगू शकणार नाही. तिने शालनचा हात धरून त्या खळगीत ठेवला. पाणी अगदी जवळ होतं. लाट नव्हती, पण गाळाच्या कडेला लागून ते आतल्या आत चुळबुळत होतं.

"चला," शेवटी अनघा उठली आणि दोरीचं टोक तिने पुन्हा मुठीत घेतलं. "आता तुम्ही बोलायचं नाही. मी बोलते, तुम्ही जाग्या राहा."

जिथे वाट सोडली होती तिथे दोघी परत गेल्या आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. अनघा बँकेतल्या लोकांचं सांगत होती. कोण खोटं खोकतो, कोण पेन आपटतो, कोणाच्या चपलेचा आवाज आला की साहेब आत पळतात. शालन हसत होती आणि हसण्याने जागी राहत होती. पावणेपाच वाजता त्या माझ्या टेबलाशी आल्या. नववीची खूण करायला मी पेन उचललं तशी शालन म्हणाली, "थांबा. आमी वाट सोडली व्हती. माझी चूक हाय, हिची न्हाई." आणि प्रज्ञेशला बोलावून तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, सोडली तिथूनच परत सुरू केली ना, मग फेरी धरू. विहिरीचं ऐकून मात्र त्याचा चेहरा उतरला. त्याने लगेच दोघांना पाठवून डावीकडची बाजू दोरखंडाने बंद करून घेतली.

"दहावी?" मी विचारलं. सव्वा तास उरला होता.

"विचारता काय?" अनघा म्हणाली.

दहाव्या फेरीत उजाडलं. शालनच्या पायाला फोड आले होते. अनघाची कंबर धरली होती. रानातल्या चढावर त्या फार हळू चालल्या, आणि हळू चालल्यामुळे तिकडचं बरंच काही सांगून झालं. काजवे कुठेच नव्हते, नुसती झाडं होती. तुंग आधी निळा दिसला, मग राखाडी, मग त्याच्यावरचं गवत दिसायला लागलं. पावशा ओरडत होता. अनघाने विचारलं, "निळा म्हणजे कसा?" शालन म्हणाली, "धुतलेल्या शाळेच्या शर्टावानी." अनघाला तो निळा आठवला.

सहाचा भोंगा वाजला तेव्हा त्या मैदानाच्या खालच्या कोपऱ्यावर होत्या. मला दिसत होत्या. तीनशे मीटर असतील, जास्त नाही. मैदानातली माणसं टाळ्या वाजवायला लागली. शालन पळायला लागली, तशी अनघा म्हणाली, "आता कशाला? वाजला तो." पण थांबली नाही. दोघी चालत, दोरी मध्ये लोंबकळत, आल्या. मी नऊवर रेघ मारली. अनघाने विचारलं, "दहावं घर रिकामं राहिलं?" मी हो म्हणालो. तिने एकदा सुस्कारा सोडला आणि गवतात आडवी झाली.

थोड्या वेळाने कोंडाजी आला, दोन्ही किटल्या घेऊन. एकवीसपैकी अठरा घरं त्याने बरोबर केली होती, एका घरी दोनदा दूध घातलं होतं आणि कुत्र्याला घाबरून उंबराखालची वाट सोडून दिली होती. उरलेलं दूध त्याने तिथेच, मैदानात बसलेल्या धावणाऱ्यांना पेले भरभरून पाजलं आणि प्रत्येकाला सांगत सुटला, "ही माझी मालकीन."

पुढच्या उन्हाळ्याची वाट दोघींनी पाहिली नाही. पावसाळा सरल्यावर महिन्यातून एक रविवार अनघा शालनबरोबर धावायला पवनानगरला उतरू लागली. कोंडाजी आता आठवड्याचे दोन दिवस रतीब घालतो. त्याची आणि दुसऱ्या बंगल्यातल्या म्हातारीची चांगली गट्टी जमलीय, तिथे अर्धा तास जातो.

डिसेंबरात पुण्याला एका मैदानावर बारा तासांची शर्यत होती, चारशे मीटरचा लाल गोल. कोमलला सुट्टी नव्हती, म्हणून शालन गेली. तिच्यासाठी अनघाने नवे बूट आणले होते. दोन-तीन गोल झाल्यावर अनघाने विचारलं, "काय दिसतंय?"

शालनने नीट बघितलं. लाल जमीन, पांढऱ्या रेघा, कडेला जाळी.

"काय न्हाई," ती म्हणाली. "दगड बी न्हाई."

"मग जरा गप्प राहू या का?"

"व्हय."

तासभर दोघी तशाच धावत राहिल्या, ऊन जाळीवरून हळूहळू खाली उतरत होतं.